घाटांतील खेकडा

मुंबई-पुणें लोहमार्ग बोरघाटांतून सुरू झाला तो सन १८६३ मध्यें. दर ३७ फुटांस १ फूट असा येथील चढ. त्यावर वाफेचें एंजिन धापा टाकी. परंतु चढण्याहून उतरणें अधिक बिकट होतें. घाट उतरणारी अवजड गाडी केवळ ब्रेकच्या घर्षणानें आवरावी लागे. ठोकळे तापत, झिजत, आणि ती सारी शक्ति व्यर्थ जाई.

मार्गाचें विद्युतीकरण हातीं घेतांना ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें मालगाड्यांसाठीं विजेचीं ४१ एंजिनें करविलीं. पैकीं १० स्वित्झर्लंडांत विंटरथूर येथें व ३१ इंग्लंडांत व्हल्कन कारखान्यांत तयार झालीं. सन १९२८ पासून तीं येऊं लागलीं. प्रत्येकांत मोटारी ४, बळ २६०० अश्वशक्तीचें. वळणावर लवणारा सांधेजोड देह व चाकांस जोडणारे दांडे असलेल्या या एंजिनास लोक ‘खेकडा’ म्हणूं लागले.

त्याची खरी करामत उतारावर दिसे. उतरतांना त्याच मोटारी वीज उत्पन्न करीत. त्यामुळें गाडीस रोध होई, आणि ती वीज वरील तारेंत परत जाऊन चढणाऱ्या गाडीच्या कामीं येई. जो उतार पूर्वीं धोक्याचा होता, तोच आतां चढास हातभार लावूं लागला. यांतील एक एंजिन दिल्लीच्या रेल्वे-संग्रहालयांत जतन केलेलें आहे.