‘छाट’ आणि महागाई : कोहमारा टापूतील बिडीमजुरीच्या तीन पिढ्या

महागाईचा इतिहास बहुधा बाजारभावांच्या कोष्टकांवरून लिहिला जातो. परंतु ज्याची मजुरी दिवसावर नव्हे तर हजारी नगावर ठरते, त्याच्या घरात महागाई दोन दारांनी शिरते. एका दाराने धान्याचा भाव वाढून येतो. दुसऱ्या दाराने मजुरीचा दर न उतरताही मजुरी उतरते. पूर्वीच्या मध्यप्रांतातील बिडीच्या धंद्यात या दुसऱ्या दारास ‘छाट’ असे नाव होते.

कोहमारा हे गाव सडक अर्जुनी तालुक्यात, मुंबई-कोलकाता महामार्गास गोंदियाचा रस्ता मिळतो तेथे वसले आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. धानाची शेती, भोवताली तेंदूचे जंगल आणि उत्तरेस गोंदियाचे रेल्वे जंक्शन, अशी येथील स्थिती. जंगलाने पाने दिली, रेल्वेने बाहेरून तंबाखू आणली आणि तयार माल नेला. धानाच्या हंगामाबाहेर रिकामे राहणारे हात गावोगाव होतेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंदिया हे बिडीच्या व्यापाराचे मोठे केंद्र झाले, ते या योगामुळे.

कारखानदार आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो पाने, तंबाखू व दोरा देई आणि वळलेल्या बिड्या मोजून घेई. मोजणीच्या वेळी ज्या बिड्या त्यास नापसंत पडत, त्या छाट म्हणून बाजूस काढल्या जात व त्यांची मजुरी मिळत नसे. पाने निकृष्ट दिली तर छाट वाढणार आणि पाने कमी पडली तर हजारी भरण्यासाठी मजुराने पदरच्या पैशाने ती आणावयाची. म्हणजे हजारी दर कागदावर तोच राहून प्रत्यक्षात हजारापेक्षा अधिक बिड्या वळाव्या लागत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याचे भाव भडकले तेव्हा दर वाढविण्याची मागणी झाली, यात नवल नाही. परंतु वाढलेला दर छाटीच्या वाटेने परत काढून घेता येतो, हे मजुरांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

सरकारचे लक्ष या धंद्याकडे त्यापूर्वीच गेले होते. मध्यप्रांताने १९३७ साली अनियंत्रित कारखान्यांसंबंधी कायदा केला, त्यात बिडीचा समावेश होता. त्याचा एक परिणाम विपरीत झाला. मोठ्या जागी मजूर एकत्र बसविले तर कायदा लागू होतो, म्हणून काम लहान जागांत आणि घरोघरी विखुरले जाऊ लागले. बिडी मुख्यत्वे घरी बसून स्त्रियांनी करावयाचे काम झाले, त्यामागील कारणांत हे एक कारण आहे. ते सहसा सांगितले जात नाही.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. त्यान्वये मुंबई राज्य सरकारने जून १९५८ मध्ये विदर्भातील बिडीमजुरीचे दर ठरवून दिले, आणि त्याच अधिसूचनेत छाटीसंबंधीही कलमे घातली. पाच टक्क्यांपर्यंत मालकाचा निर्णय अंतिम; त्यापुढे वाद झाल्यास तो निरीक्षकापुढे न्यावयाचा, अशी तजवीज होती. गोंदियाच्या बिडी, बिडीपान व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने तिला आव्हान दिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की, किमान वेतनाच्या कायद्याने सरकार दर ठरवू शकते, पण कराराच्या इतर अटींत हात घालू शकत नाही. छाटीची कलमे रद्द झाली. कायद्याच्या शब्दार्थाच्या दृष्टीने निकाल सुसंगतच म्हणावा लागेल; परंतु मजुरी जेथे गळत होती ते छिद्र मोकळेच राहिले.

ते बुजविण्यासाठी निराळा कायदा लागला. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या बिड्यांविषयीच्या वादाची स्वतंत्र तरतूद आली. त्यासही आव्हान मिळाले, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. पुढे १९७६ चा कल्याणनिधी, १९७७ पासून भविष्यनिर्वाह निधी आणि निर्देशांकाशी जोडलेला महागाईचा भत्ता ही व्यवस्था उभी राहिली.

येथे पिढ्यांचा भेद स्पष्ट होतो. पहिल्या पिढीचे गाऱ्हाणे मोजणीचे होते. भांडण समोर बसलेल्या माणसाशी होते. दुसऱ्या पिढीचे गाऱ्हाणे कागदाचे झाले : ओळखपत्र मिळाले की नाही, वळलेल्या सर्व बिड्यांची नोंद झाली की अर्ध्यांचीच, निधीत पैसे पडले का. भत्ता निर्देशांकाबरोबर चढत असे, पण तो नोंदलेल्या बिडीवर. नोंदीबाहेरच्या बिडीस महागाईचा भत्ता कोठला? या पिढीतील अनेकींच्या म्हातारपणाचा आधार असलेल्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली, व पुढील दशकभर तीत वाढ झाली नाही. भत्ता भावांबरोबर चढत होता. निवृत्तिवेतन मात्र जागीच होते.

तिसरी पिढी बिडीकडे वळत नाही, आणि तिला तेथून बाहेर काढण्यात बिडीचाच वाटा आहे. कल्याणनिधीतून बिडी कामगारांच्या मुलांस शिष्यवृत्ती मिळे. आईच्या ओळखपत्रावर मुलांचे शिक्षण झाले. शिकलेल्या मुलास हजारी दर हा मजुरीचा हिशेबच वाटत नाही. महामार्गावरील ढाबे, वाहने व दुकाने, अथवा नागपूर-हैदराबादकडील कंत्राटी काम, हे त्याच्यापुढील पर्याय. त्याचा खर्च तांदळाच्या भावावर थोडा आणि मोटारसायकलच्या हप्त्यावर, खोलीच्या भाड्यावर, शिकवणीच्या शुल्कावर अधिक अवलंबून असतो. आईस त्याची चिडचिड उधळेपणाची वाटते, त्यास तिचा धीर भोळेपणाचा वाटतो. वस्तुतः दोघे एकाच महागाईविषयी बोलत नाहीत. आईचे गाऱ्हाणे ऐकून घेण्यास निदान एक अधिकारी नेमलेला होता. कंत्राटदाराच्या कंत्राटदाराकडे राबणाऱ्या मुलास तक्रार कोणाकडे न्यावयाची याचाच पत्ता नसतो.

ज्या उपकरातून ती शिष्यवृत्ती निघाली तो २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला, आणि निधीची भिस्त सरकारी अंदाजपत्रकावर आली. १९६६ चा कायदाही २०२० च्या श्रमसंहितेत विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली.