बँक, बाक आणि पेढी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत उमरीचें नांव तेथील बँकेमुळें आलें. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं मुक्तिसैनिकांनीं ती लुटून द्रव्य लढ्याच्या कामीं लाविलें. ‘उमरीची बँकलूट’ हे शब्द तेव्हांपासून लोकांच्या तोंडीं रुळले. त्यांतील ‘बँक’ शब्दाचें कुळ येथें पाहूं.

इंग्रजींत बँक म्हणजे पेढी, तसाच नदीचा तटही. तटवाचक शब्द उत्तर युरोपांतील जर्मानिक भाषांतला. पेढीवाचक शब्द इटालियन ‘बांका’, म्हणजे बाक किंवा सराफाचें मेज, यावरून फ्रेंचमार्गें आला. परंतु त्याचेंही मूळ जर्मानिकच. पोर्तुगीज ‘बांकु’वरून शाळेंतलें आपलें ‘बाक’ झालें. म्हणजे बँक व बाक सगोत्र होत.

संस्कृतज्ञास येथें वक्र, वंक, बांक या परंपरेची भुरळ पडते; पण तें केवळ नादसाम्य. खरें साम्य अर्थाचें आहे. संस्कृत पीठिका, प्राकृत पेढिआ, मराठी पेढी. म्हणजे आपल्याकडेही आसनावरूनच द्रव्यव्यवहाराच्या जागेस नांव पडलें.

सबब जुन्या कागदांत ‘बांक’ आढळल्यास तें नदीचें वळण कीं बसावयाचें बाक, हें संदर्भावरूनच ठरवावें. नादावर भिस्त ठेवूं नये.