फेरपालट की ठरलेले अकरा? : फुटबॉल संघनिवडीतील जुना पेच

सामना सुरू होण्याच्या तासभर आधी संघाची यादी जाहीर होते आणि चाहत्यांमध्ये चर्चेला तोंड फुटते. मागच्या सामन्यात दोन गोल करणारा आघाडीपटू राखीव खेळाडूंत बसलेला असला की प्रशिक्षकावर टीका होते. तोच खेळाडू सलग दहा सामने खेळून अकराव्यात मांडीचा स्नायू धरून खाली बसला, तर 'त्याला विश्रांती का दिली नाही', असा सवाल तेच चाहते करतात. खेळाडूंची फेरपालट करावी की ठरलेल्या अकरा जणांवरच भिस्त ठेवावी, हा व्यावसायिक फुटबॉलमधील जुना वाद आहे. त्याचे उत्तर प्रशिक्षकाच्या स्वभावापेक्षा मोसमाच्या वेळापत्रकात अधिक सापडते.

एकच प्रशिक्षक, दोन टोके

इटलीचे क्लॉडिओ रानिएरी 2000 ते 2004 या काळात लंडनच्या चेल्सी संघाचे प्रशिक्षक होते. संघात सतत बदल करण्याच्या त्यांच्या सवयीमुळे इंग्लिश वृत्तपत्रांनी त्यांना 'टिंकरमॅन', म्हणजे सारखी खुडबूड करणारा माणूस, असे नाव ठेवले. एप्रिल 2004 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीतील पहिल्या लढतीत मोनॅकोशी 1-1 अशी बरोबरी असताना प्रतिस्पर्ध्यांचा एक खेळाडू बाद झाला. रानिएरींनी त्यानंतरही बदल सुरूच ठेवले आणि दहा जणांच्या मोनॅकोने सामना 3-1 असा जिंकला. मोसम संपताच रानिएरींना पद सोडावे लागले.

याच रानिएरींनी 2015-16 मध्ये लेस्टर सिटीला इंग्लिश प्रीमियर लीगचे विजेतेपद मिळवून दिले. या वेळी त्यांनी संघ जवळजवळ कायम ठेवला. कर्णधार वेस मॉर्गन आणि गोलरक्षक कास्पर श्मायकल हे दोघे लीगच्या 38 सामन्यांतील प्रत्येक मिनिट मैदानावर होते. लेस्टरने 81 गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरील आर्सेनलला दहा गुणांनी मागे टाकले.

मात्र हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, तेही पाहायला हवे. त्या मोसमात लेस्टर युरोपीय स्पर्धेत नव्हता. देशांतर्गत दोन्ही चषक स्पर्धांतूनही तो लवकर बाहेर पडला. वर्षभरात त्याच्या वाट्याला अवघे 43 सामने आले आणि बहुतेक आठवड्यांत एकच सामना होता. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगचे सामने वाढले, मध्यरक्षक एन्गोलो कान्टे चेल्सीकडे गेला आणि संघ गुणतक्त्यात घसरला. फेब्रुवारी 2017 मध्ये रानिएरींना पदावरून दूर करण्यात आले.

चौदा खेळाडूंचे विजेतेपद

ठरलेल्या संघाचे याहून ठळक उदाहरण 1980-81 मधील ॲस्टन व्हिलाचे आहे. प्रशिक्षक रॉन सॉंडर्स यांनी 42 सामन्यांच्या लीगमध्ये फक्त 14 खेळाडू वापरले आणि विजेतेपद पटकावले. त्यांतील सात जण एकाही सामन्याला मुकले नाहीत.

त्यांचा प्रतिस्पर्धी होता बॉबी रॉबसन यांचा इप्सविच टाउन. त्या मोसमात इप्सविचने व्हिलाला तिन्ही वेळा हरवले. त्यांतील एक विजय एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीतला होता. त्या पराभवाने व्हिलाचा चषकातील प्रवास संपला आणि लीगसाठी वेळ मोकळा झाला. इप्सविच मात्र एफए चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, युएफा चषक जिंकला आणि मोसमात 60 हून अधिक सामने खेळला. लीगमध्ये व्हिलाने 60, तर इप्सविचने 56 गुण मिळवले. समोरासमोर सरस ठरलेला संघ सामन्यांच्या ओझ्याखाली मागे पडला.

दमछाक दिसत नाही, दुखापत दिसते

फेरपालटीचे मूळ शरीरशास्त्रात आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले इंधन, मोठ्या प्रमाणात खर्च होते. ते पूर्ववत होण्यास साधारण दोन ते तीन दिवस लागतात. वेगाने धावताना आणि एकदम थांबताना स्नायूंच्या तंतूंना होणारी सूक्ष्म इजा भरून येण्यासही वेळ लागतो.

ग्रेगरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या एका व्यावसायिक संघाच्या दोन मोसमांचा अभ्यास करून 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यात एक सामना खेळणाऱ्या खेळाडूंमध्ये दुखापतींचे प्रमाण दर 1000 तासांमागे 4.1 होते, दोन सामने खेळणाऱ्यांमध्ये ते 25.6 आढळले. कापलेले एकूण अंतर आणि वेगवान धावांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. याचा अर्थ असा, की दमलेला खेळाडू मैदानावर नेहमीसारखाच धावताना दिसतो आणि धोका डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच चांगल्या लयीतील खेळाडूला बसवण्याचा निर्णय प्रेक्षकांना अनाकलनीय वाटतो. व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द मुळातच मोजक्या वर्षांची असते. मांडीच्या स्नायूची वारंवार उद्भवणारी दुखापत तीही कमी करू शकते.

कायम संघाचा लाभ

तरीही दररोज नवी अकरा माणसे उतरवणे हा उपाय नव्हे. बचावफळीतील चौघांना ऑफसाइडची रेषा एकत्र पुढे-मागे न्यावी लागते. एकाने अर्धी पावले उशीर केला तरी प्रतिस्पर्धी आघाडीपटू मोकळा सुटतो. ही जाण सरावाने येते. सोबत खेळलेल्या सामन्यांनी ती पक्की होते. त्यामुळे बहुतेक प्रशिक्षक गोलरक्षक आणि मधल्या बचावपटूंना शक्यतो हलवत नाहीत. सतत धावावे लागणाऱ्या बगलेवरील खेळाडूंत आणि आघाडीपटूंत बदल तुलनेने जास्त होतात.

मँचेस्टर युनायटेडचे ॲलेक्स फर्ग्युसन यांनी 1998-99 मध्ये हे तंत्र यशस्वी करून दाखवले. त्यांच्याकडे ड्वाइट यॉर्क, अँडी कोल, टेडी शेरिंगहॅम आणि ओले गुन्नार सोल्शेअर असे चार आघाडीपटू होते. आर्सेनलविरुद्धच्या एफए चषक उपांत्य फेरीच्या फेरलढतीत त्यांनी यॉर्क व कोल या नेहमीच्या जोडीला बसवले. विजयी गोल केला तो बदली उतरलेल्या रायन गिग्जने. पुढे 16 ते 26 मे या अकरा दिवसांत संघाने लीग, एफए चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. बार्सिलोनातील अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध भरपाई वेळेत झालेले दोन्ही गोल शेरिंगहॅम आणि सोल्शेअर या बदली खेळाडूंचे होते.

नियमांची भूमिका

इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूला प्रथम परवानगी मिळाली ती 1965 मध्ये, तीही केवळ दुखापत झाल्यास. कोविडकाळात, 2020 मध्ये, पाच बदलांना तात्पुरती मुभा देण्यात आली आणि 2022 मध्ये तो पर्याय नियमांत कायम झाला. आता मैदानावरील दहापैकी निम्मे खेळाडू सामना सुरू असतानाच बदलता येतात. त्यामुळे एखाद्याला पूर्ण सामना बसवण्याऐवजी साठ मिनिटे खेळवून विश्रांती देण्याचा मध्यममार्ग खुला झाला आहे.

फेरपालटीला विरोधही झाला आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध संघात दहा बदल केल्याबद्दल ब्लॅकपूलला 25 हजार पौंडांचा दंड झाला. दुय्यम संघ उतरवला तर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांची आणि गुणतक्त्यातील इतर संघांची फसवणूक होते, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो.

फातोर्ड्याचा अनुभव

गोव्यातील प्रेक्षकांना सामन्यांच्या दाटीचा प्रत्यय एप्रिल 2021 मध्ये आला. आयएसएलचा मोसम नुकताच आटोपून एफसी गोवा संघ एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. फातोर्ड्याच्या मैदानावर 14 ते 29 एप्रिल या सोळा दिवसांत, दर तिसऱ्या दिवशी एक, असे सहा सामने झाले. प्रतिस्पर्धी होते इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान आणि संयुक्त अरब अमिरातीचा अल वाहदा. प्रशिक्षक हुआन फेरांडो यांच्या संघाने पहिले दोन्ही सामने गोलशून्य बरोबरीत सोडवले आणि एकूण तीन बरोबरींसह गटात तिसरे स्थान मिळवले. असे वेळापत्रक सलग पेलायचे तर पहिल्या अकरांच्या तोडीचे आणखी सात-आठ खेळाडू हाताशी लागतात. श्रीमंत क्लब ते विकत घेतात. लहान क्लबांना ते स्वतःच्या युवा संघातून घडवावे लागतात आणि त्यासाठी त्यांना मोसमाच्या सुरुवातीपासूनच मैदानावर वेळ द्यावा लागतो.

संघाची यादी हाती येताच तीन गोष्टी पाहाव्यात : मागील सामन्याला किती दिवस झाले, पुढचा किती दिवसांवर आहे आणि बदल बचावाच्या मध्यभागी झाले आहेत की बगलांवर. आठवड्याला एकच सामना असताना मध्यवर्ती बचावपटू बदलले असतील, तर प्रशिक्षकाला जाब विचारणे रास्त आहे. तीन दिवसांत दुसरा सामना असेल आणि लाडका आघाडीपटू बाकावर दिसला, तर तो पुढच्या महिन्यातही खेळता राहावा, याची ती तजवीज असते.