ट्राउट मासा मिळणारा छोटा पहाडी नाला कसा शोधायचा?

हिमाचलमध्ये ट्राउट मासेमारी म्हटलं की तीर्थन आणि बरोट ही दोन नावं हमखास पुढे येतात. मात्र ट्राउट फक्त मोठ्या नदीतच असतो असं नाही. या नद्यांना मिळणाऱ्या छोट्या नाल्यांमध्येही तो सापडतो. स्थानिक लोक अशा नाल्यांना ‘खड्ड’ किंवा ‘गाड’ म्हणतात. पण यातला नेमका कोणता नाला ट्राउटचा, हे कसं ओळखायचं?

ट्राउट इथला नाहीच!

ट्राउट हा मूळचा भारतीय मासा नाही. ब्रिटिशांनी तो आधी काश्मीरमध्ये आणला आणि १९०९ मध्ये कुल्लूजवळच्या महिली इथे त्याचं बीजकेंद्र सुरू झालं. आज हिमाचलमध्ये ब्राऊन आणि रेनबो असे दोन प्रकार आढळतात. त्याला थंड, स्वच्छ आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. सह्याद्रीतले बहुतेक ओढे पावसाळ्यानंतर आटतात आणि उरलेलं पाणी तापतं. त्यामुळे तिथे ट्राउट तग धरू शकत नाही.

सुरुवात नकाशापासून

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा दिसतात. नाल्यावर या रेषा एकमेकींना चिकटून आल्या असतील, तर तिथे उतार तीव्र आहे, म्हणजे धबधबे असण्याची शक्यता जास्त. उंच धबधबा माशाला चढता येत नाही. रेषा थोड्या विरळ होतात तिथे पाणी संथ होतं आणि डोह तयार होतात. उपग्रह नकाशावर दाट झाडी आणि उत्तरेकडचा उतार दिसला तर उत्तमच, कारण सावलीत पाणी थंड राहतं. मुख्य नदीत ट्राउट असेल आणि मध्ये मोठा अडथळा नसेल, तर तो नाल्यातही चढलेला असू शकतो. तीर्थनला गुशैणीजवळ मिळणारी फलाचन आणि बरोटला ऊहल नदीला मिळणारी लंबाडग ही अशा उपनद्यांची उदाहरणं आहेत.

काठावर गेल्यावर काय पाहायचं?

पाणी दुधाळ दिसत असेल तर ते वितळत्या हिमनदीचं असतं. त्यात माशाला भक्ष्य नीट दिसत नाही. तळाशी वाळूमिश्रित गोटे आणि दगड उलटल्यावर खाली चिकटलेले किडे दिसले, तर ती चांगली खूण. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालून वर चालत जावं. सावली पाण्यावर पडू देऊ नये.

कधी जायचं?

मार्च-एप्रिल आणि पावसाळा ओसरल्यानंतर ऑक्टोबरपर्यंतचा काळ सोयीचा. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी वाढतं, पावसाळ्यात ते गढूळ होतं. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते. याच काळात मादी गोट्यांत अंडी घालते. मत्स्य विभागाचा परवाना सक्तीचा आहे, आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही.

धोका कुठे आहे?

वरच्या बाजूला धरण किंवा वीज प्रकल्प आहे का, हे आधी विचारून घ्यायलाच हवं. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते.

धोका नाल्यालाही आहे. प्रकल्पासाठी पाणी बोगद्यात वळवलं की खालचं पात्र कोरडं पडतं. रस्त्याच्या कामाचा राडारोडा नाल्यात आला तर गाळाखाली अंडी गुदमरतात. स्थानिकांच्या लढ्यामुळे तीर्थन जलविद्युत प्रकल्पांपासून वाचली, पण प्रत्येक नाल्याच्या नशिबी ते नसतं. शिवाय छोट्या नाल्यात मोठे मासे मोजकेच असतात. काही जणांनी एका आठवड्यात ते काढले, तर पुढची काही वर्षं तिथे गळ टाकून उपयोग नाही. म्हणूनच अनेक अनुभवी मंडळी मासा ओल्या हातानेच धरतात, गळ सोडवतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात.