हातून घडलेलं

खराडीत राहणाऱ्याला नगर रस्त्यावरच्या अपघाताची बातमी नवी नाही. कोण गेलं, चूक कुणाची, गाडीवाला सापडला का, एवढं बोलून आपण कामाला लागतो. गेलेल्याच्या घरचं दुःख सगळ्यात मोठं, यात वादच नाही. पण जो प्यायलेला नव्हता, बेफामही नव्हता, आणि तरी ज्याच्या हातून एक जीव गेला, त्याचं पुढे काय होतं?

प्रश्न फार जुना आहे. श्रावणबाळाची गोष्ट आपण ऐकतो ती आईवडिलांच्या सेवेसाठी. वाल्मीकी रामायणात मात्र ती दशरथ स्वतः कौसल्येला सांगतो, मरणाच्या रात्री. तरुणपणी अंधारात आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण, आणि बोलणं म्हातारपणी... मधली सगळी वर्षं त्याने ते कसं सोसलं असेल?

प्रायश्चित्त म्हटलं की पुणेकरांना रामशास्त्री आठवतात आणि राघोबादादांना सांगितलेलं देहांत प्रायश्चित्त. पण ते १७७३ साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल होतं. नकळत घडलेल्याचा विचार शास्त्रकारांनी वेगळा केला होता. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) पातकं आणि प्रायश्चित्तांवरही आहे. आपल्या भांडारकर संस्थेनेच तो छापला.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात नकळत झालेल्या ब्रह्महत्येला बारा वर्षं वनवास सांगितला आहे; जाणूनबुजून केलेल्या हत्येला त्याने सुटका नाही. त्याच अध्यायात क्षत्रियाच्या वधाला याचा चौथा हिस्सा, वैश्याच्या आठवा आणि शूद्राच्या सोळावा! जिवाची किंमत जातीवर ठरवणारी ही व्यवस्था गेली ते बरंच झालं. तिचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही.

पण तिथलीच एक गोष्ट मनातून जात नाही. पतिताला जातीबाहेर काढताना पाण्याने भरलेला घट दासीने लाथेने उलथायचा, जणू तो मेलाच. हा 'घटस्फोट'. आज हा शब्द आपण नवराबायकोसाठी वापरतो. मात्र प्रायश्चित्त पुरं झालं, की त्याच नातेवाइकांनी त्याच्यासोबत पवित्र पाण्यात स्नान करायचं आणि नवा भरलेला घट पाण्यात सोडायचा. आणि पुढे बजावलं आहे: जो शुद्ध झाला त्याचा पुन्हा कधी तिरस्कार करू नये.

म्हणजे शिक्षा कठोर होती, पण तिला शेवट होता. परत यायची वाट होती, आणि त्या वाटेवर घरचे सोबत पाण्यात उतरत होते.

इंग्रजी अमदानीतल्या दंडसंहितेत १८७० साली ३०४-अ हे कलम आलं: निष्काळजीपणाने मृत्यू, दोन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, कैद पाच वर्षांपर्यंत. चूक होती की नव्हती, हे कायदा ठरवतो, आणि ते हवंच. पण निर्दोष सुटलेल्याला रात्री झोप कशी लागावी, हे कोर्टाचं कामच नाही.

अमेरिकेत १९७७ साली मेरीअॅन ग्रे या तरुणीच्या गाडीसमोर आठ वर्षांचा मुलगा अचानक धावत आला आणि गेला. दोष तिचा ठरला नाही, तरी ती पंचवीसएक वर्षं गप्प राहिली. २००३ साली ती जाहीरपणे बोलली आणि पुढे अशाच लोकांना आधार देण्याचं काम तिने उभं केलं. तिला जवळची वाटली ती बायबलच्या जुन्या करारातली सहा आश्रयनगरं. नकळत जीव घेणाऱ्याने तिथे सूड उगवणाऱ्यांपासून सुरक्षित राहायचं, आणि महायाजक वारला की घरी परतायचं. बघा, तिथेही शेवट ठरलेला होता!

आता कुणी कुणाला नदीवर नेणार नाही, आणि आमच्या मुळामुठेचं पाणीही तसं राहिलेलं नाही. पण अशा माणसाच्या घरी जाऊन बसता येतं. आपण पटकन 'तुझी काय चूक, विसरून जा' म्हणतो आणि त्याचं तोंड बंद करतो. त्याला तो क्षण दहा वेळा सांगायचा असेल, तर दहा वेळा ऐकावा. रात्री-अपरात्री कुणीच नसेल, तर २०२२ साली सुरू झालेली सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर. तिथे मराठीतही बोलता येतं.

दशरथाला बोलायला शेवटची रात्र उजाडावी लागली. आपल्या ओळखीतल्या माणसावर ती वेळ कशाला?