सह्याद्रीच्या नावाची गोगलगाय

कर्जत-खालापूरच्या सखल मुलखातून पूर्वेकडे पाहिले की बोरघाटाचा कडा आडवा येतो. या कड्याचा आधुनिक इतिहास आपण बहुधा रेल्वेपासून सुरू करतो. १८५६ साली हाती घेतलेला घाटातला लोहमार्ग एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. त्याच वर्षी लंडनच्या एका नियतकालिकात याच डोंगररांगेविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी त्यात सह्याद्रीच्या कड्यांवरील दोन गोगलगायींचे वर्णन केले होते. त्यांपैकी ‘लिथोटिस रुपिकोला’ ही घाटमाथ्यावरच्या खंडाळ्याची. दुसरीचे नाव ‘क्रेम्नोबेटीस सिहाड्रेन्सिस’.

या दुसऱ्या नावाचा पूर्वार्ध ग्रीक, अर्थ ‘कड्यावर चालणारा’. उत्तरार्धात लॅटिन वेषातला आपला सह्याद्री. पूर्वार्ध आधीच एका माशाला दिला गेला असल्याने १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी तो बदलून ‘क्रेम्नोकॉन्कस’, म्हणजे कड्यावरचा शंख, असा केला. सह्याद्री मात्र कायम राहिला.

बोटाच्या पेराहूनही लहान असलेल्या या जिवाचे कूळ समुद्राचे आहे. त्याचे इतर सारे भाऊबंद खाऱ्या पाण्यात किंवा भरती-ओहोटीच्या खडकांवर राहतात. हा तेवढा डोंगरातल्या ओल्या कातळावर, गोड्या पाण्याच्या पाझरात. घाटांचे कडे म्हणजे प्राचीन समुद्रकिनाराच, असे एक मत एकोणिसाव्या शतकात प्रचलित होते. परशुरामाने समुद्र मागे हटवल्याची कथा ज्यांच्या कानांवर आहे त्यांना हे मत भुरळ घालणारच. परंतु कथेशी जुळणे हा पुरावा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर पुढे किनारा दुभंगल्यावर झिजत गेले आणि कडा पूर्वेकडे सरकला, असे आजचे भूविज्ञान सांगते. २०१३ मध्ये रीड, अरविंद आणि मध्यस्थ यांनी या प्रजातीगटाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कर्नाटकातील घाटांतल्याही अनेक नव्या जाती उजेडात आल्या.

आम्हांला येथे महत्त्वाचा वाटतो तो नोंदीचा प्रश्न. १८६३ साली एका इवल्या गोगलगायीला नाव मिळाले आणि ते टिकले. त्याच डोंगरात बोगदे खोदणाऱ्या हजारो मजुरांपैकी बहुतेकांची नावे इतिहासाने टिपली नाहीत. एकाच कातळावरचे हे दोन इतिहास एकत्र वाचले, तर दप्तर काय जपते आणि काय गाळते हे कळते.

आणि नाव टिकले म्हणून जीव टिकतोच असे नाही. या गोगलगायीचे सारे जग म्हणजे कातळावरची ओली पट्टी. दगड फोडताना किंवा रस्ता रुंद करताना पाझर आटला, तर सह्याद्रीचे हे लॅटिन नाव तेवढे ग्रंथात उरेल.