ब्रश कटरच्या ब्लेडचा नट उलटा का फिरवतात?

मानवत हा परभणी जिल्ह्यातला कापसाचा भाग. वेचणी संपल्यावर उभी पऱ्हाटी कापायला ब्रश कटर वापरता येतो. गवतासाठी तीन पात्यांचे ब्लेड चालते. कडक खोडासाठी दातेरी गोल ब्लेड लागते.

ब्लेड बदलण्यापूर्वी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची कॅप काढा. गिअरहेडच्या छिद्रात पिन घालून शाफ्ट अडवा. ब्लेडचे छिद्र वॉशरच्या उंचवट्यावर नेमके बसवा.

बहुतेक ब्रश कटरमध्ये नटाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतो. त्यामुळे कापताना ब्लेडला होणाऱ्या विरोधाने तो सैल न होता आणखी आवळतो. सैल नटामुळे ब्लेड निसटू शकते.

तडा गेलेले ब्लेड लावू नका. गार्ड काढू नका. १५ मीटरच्या आत कुणालाही उभे राहू देऊ नका.